मोझली ओल्ड हॉल : विटांच्या आतले लाकडी घर

इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टन शहराच्या उत्तरेस मोझली ओल्ड हॉल हे जुने शेतघर आहे. बाहेरून ते लाल विटांचे साधे घर दिसते. मात्र हे विटांचे आवरण १८७० च्या सुमारास चढवलेले आहे. आत सुमारे १६०० साली बांधलेले लाकडी घर बऱ्याच अंशी शाबूत आहे.

मूळ बांधणी
त्या काळी अशा घरांसाठी ओकच्या जाड लाकडांचा सांगाडा उभा करीत. खांब आणि तुळया एकमेकांत बसवून लाकडी खुंट्यांनी पक्क्या करीत. मधल्या चौकटी कुडाने भरत, म्हणजे काटक्यांची विणलेली जाळी व तिच्यावर माती, शेण आणि गवताचा लेप. आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीसारखीच ही रीत आहे. घराचा सगळा भार सांगाडा पेलतो. भिंत केवळ आडोसा असते.

विटा कशासाठी?
पावसाळी हवेत उघडे लाकूड आणि कूड हळूहळू खराब होतात. ब्रिटनमध्ये १७८४ पासून विटांवर कर होता, तो १८५० मध्ये रद्द झाला. रेल्वेमुळे विटांची ने-आणही सोपी झाली. जुने घर पाडण्याऐवजी त्याला बाहेरून विटांची भिंत घालणे, हा सोयीचा मार्ग ठरला. मोझलीत तेच झाले. जुन्या खिडक्या गेल्या, पण आतला सांगाडा आणि भिंतींवरच्या लाकडी फळ्या बऱ्याचशा वाचल्या.

लपण्याची जागा
घराचे मालक थॉमस व्हिटग्रीव्ह कॅथलिक होते. त्या काळी कॅथलिक धर्मगुरूंना पकडले जाण्याची भीती असे. म्हणून अशा घरांत त्यांच्यासाठी गुप्त जागा ठेवीत. ३ सप्टेंबर १६५१ रोजी वूस्टरच्या लढाईत हरलेला दुसरा चार्ल्स काही दिवसांनी या घरी आश्रयाला आला. सैनिक दारात आले तेव्हा तो खोलीलगतच्या फडताळाच्या तळाखालील अरुंद पोकळीत लपला. व्हिटग्रीव्ह स्वतः बाहेर जाऊन सैनिकांना सामोरे गेले आणि त्यांनी त्यांना परत पाठवले. चार्ल्स सापडला असता तर आश्रय देणाऱ्यांचाही जीव धोक्यात होता.

हाच चार्ल्स १६६० मध्ये गादीवर आला. पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनशी विवाहाच्या १६६१ च्या करारात मुंबई त्याला मिळाली. १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली.

आजची स्थिती
१९६२ पासून हे घर नॅशनल ट्रस्टकडे आहे. मूळ रूप परत आणण्यासाठी विटांचे आवरण काढून टाकलेले नाही. घराच्या इतिहासात त्या विटांचाही वाटा आहे.

आपल्यापैकी काही कुटुंबांचे जुने वाडे अजून उभे आहेत. तेथेही पुष्कळदा लाकडी खांब-तुळयाच भार पेलतात आणि नंतरच्या गिलाव्याखाली त्या झाकल्या गेलेल्या असतात. वाडा पाडायचा की राखायचा हे ठरवण्याआधी गिलाव्याच्या आत काय आहे, ते जाणकाराकडून पाहून घ्यावे. बाहेरची भिंत खराब झाली म्हणजे घर संपले, असे नसते.