संकेतस्थळांतर्गत शोधाच्या नोंदी : एक ऐतिहासिक आढावा

संकेतस्थळावरील शोधपेटीत वाचक जे शब्द टंकतो, ते त्याच्या गरजेचे त्याच्याच भाषेतील निवेदन असते. अशा निवेदनांची नोंद ठेवण्याची पद्धत कशी घडत गेली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

या पद्धतीचे मूळ व्यापारात नसून ग्रंथालयात आहे. ग्रंथालयांच्या तालिका संगणकावर आल्या, तेव्हा वाचकाची प्रत्येक पृच्छा यंत्रात नोंदली जाऊ लागली. थॉमस पीटर्स यांनी १९८९ मध्ये मिसुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठाच्या तालिकेतील अशा नोंदींवरून शोध निष्फळ का ठरतात, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कार्डांच्या कपाटापासून रिकाम्या हाताने परतणाऱ्या वाचकाचा मागमूस पूर्वी उरत नसे; तो आता नोंदीत राहू लागला.

वेबवर हे काम प्रथम सर्व्हरच्या नोंदवहीने केले. शोधशब्द पानाच्या पत्त्यातच जोडला जात असेल, तर तो नोंदवहीत आपोआप उतरे. मार्च २००५ मध्ये गूगलने अर्चिन ही कंपनी घेण्याचे जाहीर केले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगल अ‍ॅनॅलिटिक्स विनामूल्य उपलब्ध झाले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये त्यात अंतर्गत शोधाचा अहवाल जाहीर झाला. त्यासाठी पत्त्यातील शोधशब्दाच्या आधी येणारे चिन्हनाम व्यवस्थापकास कळवावे लागे. वर्डप्रेसमध्ये ते केवळ ‘एस’ हे एक अक्षर आहे. ते चुकले की अहवाल कोरा! शोधानंतर किती वाचक निघून गेले, किती जणांनी शब्द बदलून पुन्हा शोधले, हे त्यातून कळे. मात्र शोधातून काही सापडले की नाही, हे वेगळी तजवीज केल्याविना कळत नसे. ग्रंथालयशास्त्राने ज्या प्रश्नापासून आरंभ केला, नेमका तोच मागे पडला.

मराठी संकेतस्थळांची अडचण निराळी होती. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते; त्यामुळे ‘पुणे’ हा शब्द पत्त्यात ३६ चिन्हांचा होतो आणि कच्च्या नोंदवहीत तो ओळखूही येत नाही. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाचे भेद व रोमन लिपीतील टंकन यांमुळे एकच पृच्छा अनेक ओळींत विखुरते.

दुसरा प्रश्न खासगीपणाचा. ऑगस्ट २००६ मध्ये एओएलने सुमारे साडेसहा लाख व्यक्तींचे तीन महिन्यांतील शोध, नावांऐवजी क्रमांक घालून, खुले केले. काही दिवसांतच ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांतील एका महिलेची ओळख पटवली. ते शोध संपूर्ण वेबवरील होते, परंतु अंतर्गत शोधपेटीतही लोक स्वतःचे नाव वा दूरध्वनी क्रमांक टंकतात.

२०२० मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत प्रचलित पाच चिन्हनामे आपोआप ओळखली जाऊ लागली. आधीच्या आवृत्तीत सर्वसाधारण वापरकर्त्यांची नवी नोंद १ जुलै २०२३ पासून थांबली, आणि पुढील वर्षी जुने अहवालही बंद झाले. ज्यांनी ते उतरवून घेतले नव्हते, त्यांच्या वाचकांच्या पृच्छांचा तेथील इतिहास त्यासोबत गेला.