मुक्तिदाता आणि मालक

मुंबईच्या गोदीत नौरोजी जमशेटजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘एशिया’ ही ८४ तोफांची सागवानी युद्धनौका १८२४ साली पाण्यात उतरली. हातून घडलेली वस्तू पुढे कोठे, कोणाच्या कामी येईल हे कारागिराला ठाऊक नसते. ओझरच्या विमान कारखान्यातील आपल्या बांधवांना हे निराळे सांगावयास नको. २० ऑक्टोबर १८२७ रोजी नाव्हारिनोच्या उपसागरात ब्रिटिश, फ्रेंच व रशियन आरमारांनी तुर्की-इजिप्शियन आरमाराचा विध्वंस केला आणि ग्रीसच्या स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा झाला. त्या वेळी संयुक्त आरमाराचे सेनापती सर एडवर्ड कॉड्रिंग्टन ‘एशिया’वरच होते.

१८०५ साली ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनच्या हाताखाली एका नौकेचे कप्तानपद सांभाळलेला हा दर्यावर्दी. परंतु तुर्की साम्राज्य खचले तर रशिया बळावेल, या भीतीने लंडनच्या मुत्सद्द्यांना नाव्हारिनोचा विजय अडचणीचा वाटला. १८२८ साली कॉड्रिंग्टन यांना परत बोलावण्यात आले. निघण्यापूर्वी अलेक्झांड्रियास जाऊन त्यांनी इजिप्तच्या महंमद अलीशी करार केला व गुलाम म्हणून नेलेल्या ग्रीकांच्या मुक्ततेची अट त्यात घातली. १८३२ मध्ये डेव्हनपोर्टमधून ते पार्लमेंटवर निवडून आले. नाव्हारिनोच्या खलाशांना मोबदला मिळावा म्हणून तेथेही ते झगडले.

चरित्र येथे संपते तर बरे झाले असते. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली, तेव्हा मालकांसाठी दोन कोटी पौंड भरपाई ठरली. गुलामांच्या हाती एक पैही पडली नाही. अँटिग्वा बेटावरील शंभराहून अधिक गुलामांबद्दल भरपाई घेणाऱ्यांत कॉड्रिंग्टनही होते!

त्यांना दांभिक ठरवणे सोपे आहे. पण ग्रीकांविषयीची त्यांची कळकळ खोटी नव्हती. ती अँटिग्वापर्यंत पोहोचली नाही, एवढेच. आपल्या ख्रिस्तसभेतील लोकांनीही गुलाम बाळगले होते. १८३९ साली पोप सोळावे ग्रेगरी यांना गुलामांच्या व्यापाराचा कडक निषेध करावा लागला, तो उगाच नव्हे.

ओझरपासून जवळच, नाशिकच्या शरणपुरात, अँग्लिकन मिशनऱ्यांनी १८५४ साली वसाहत स्थापिली. ब्रिटिश युद्धनौकांनी गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट १८७४ साली लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत लंडनपर्यंत गेला. ज्यांना कॉड्रिंग्टन यांच्या पिढीने जिंदगीत मोजले, त्यांचाच हा बांधव!

दूरच्या दुःखितांसाठी आपण चर्चमध्ये प्रार्थना करतो, दानही देतो. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईची आणि द्राक्षबागेत राबणाऱ्या मजुराची रोजी वेळेवर व पुरती दिली काय, हेही त्याच वेळी स्वतःस विचारावे.