ताठ पायांचा इतिहास
स्विंग आउट आठ मात्रांचा. तिसऱ्या-चौथ्या मात्रेत तीन पावलं बसवायची, सातव्या-आठव्यात पुन्हा तीन. दिवसभर लूप लिहिणाऱ्या मला हे कागदावर लगेच कळलं. पाय मात्र चार महिने पाचव्या मात्रेवरच अडकतात. म्हणून वाचायला लागलो आणि फ्रँकी मॅनिंग सापडला.

हार्लेममध्ये वाढलेल्या या मुलाला आईनंच सांगितलं होतं, की तू फार ताठ आहेस, नाचणं तुला जमायचं नाही. तो खोलीत रेकॉर्ड लावून एकटाच नाचत राहिला आणि पुढे सॅव्हॉय बॉलरूममध्ये पोचला. १९२६ साली लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर उघडलेल्या या नाचघरात काळे-गोरे एकत्र नाचत. तेव्हाच्या न्यूयॉर्कमध्येही ही साधी गोष्ट नव्हती. तिथं बघायचं, उचलायचं, त्यात आपलं काहीतरी घालायचं. १९३५ मध्ये मॅनिंगनं जोडीदारणीला पाठीवरून पलीकडे उडवलं आणि लिंडी हॉप हवेत गेला.

युद्धानंतर संगीत बदललं. तो टपाल खात्यात लागला. १९५८ मध्ये सॅव्हॉयही बंद झालं. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाचे दोन नर्तक त्याला शोधत आले, आणि सत्तरी ओलांडलेला मॅनिंग शिकवायला उभा राहिला.

‘हेल्झापॉपिन’ या १९४१च्या चित्रपटातला त्याचा नाच मी अर्ध्या वेगानं लावून बघतो. तरीही पाचवी मात्रा कुठे गेली ते कळत नाही.