याकोबाचे पत्र
बायबलच्या नव्या करारातील पाच अध्यायांचे पत्र. परंपरेनुसार लेखक येशूचा भाऊ, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब. अभ्यासकांत याविषयी मतभेद आहेत. कृतीत न उतरलेला विश्वास निर्जीव, हा पत्राचा गाभा. उदाहरणे रोखठोक आहेत: सभेत सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा देऊन मळकट कपड्यांतल्या गरिबाला पायाशी बसवणे, उपाशी, उघड्या भावंडाची नुसत्या शुभेच्छांवर बोळवण करणे, पीक कापणाऱ्या मजुरांची मजुरी अडकवून ठेवणे. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये या पत्राला कमी लेखले. विश्वासानेच तारण या प्रेषित पौलाच्या शिकवणीशी ते त्याला विसंगत वाटले. हा आक्षेप फारसा टिकत नाही. गलतीकरांस लिहिताना पौलही प्रेमातून कार्य करणाऱ्या विश्वासालाच मोल देतो.