बंदुकीच्या नळीतला संगमरवर

अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित असे खडकांचे तीन प्रकार आपण वर्गात पाठ करून घेतो, ते एकमेकांत बदलतात हे एका वाक्यात सांगतो आणि पुढे सरकतो. त्या एका वाक्यापायी बराच वाद झाला होता.

स्कॉटलंडच्या जेम्स हटनने (१७२६–१७९७) काही वर्षे शेती केली होती. पावसाबरोबर माती वाहून जाताना तो पाहत होता. नवी जमीन तयार होत नसती, तर सगळे खंड केव्हाच झिजून समुद्रात गेले असते! १७८५ मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने मांडले, की समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचा भूगर्भातील उष्णतेने खडक होतो, तो वर उचलला जातो आणि पुन्हा झिजू लागतो.

यावर एक आक्षेप होता, आणि तो रास्त होता. चुनखडी भट्टीत भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरते ती चुनकळी. मग उष्णतेने तिचा संगमरवर कसा व्हावा? हटन म्हणे, खोलवर दाबच इतका असतो की वायूला बाहेर पडता येत नाही.

त्याचा तरुण मित्र जेम्स हॉल याला हे करून पाहायचे होते. मुशीत डोकावून पृथ्वीचे व्यवहार कळत नाहीत, असे हटनचे मत. म्हणून हॉलने त्याच्या हयातीत हे काम लांबणीवर टाकले. (आपल्या विद्यार्थ्यांना आपण इतके थांबायला लावू नये!)

१७९८ मध्ये हॉलने दाखवले, की वितळलेला बेसॉल्ट झटकन निवला तर काच होते, सावकाश निवला तर पुन्हा दगड. बेसॉल्ट समुद्राच्या पाण्यातून साक्याप्रमाणे खाली बसला, हे जर्मनीतील व्हेर्नरचे मत त्यामुळे डळमळले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण तो हाच.

मग त्याने चुनखडीची पूड बंदुकीच्या नळ्यांत घट्ट कोंडून तापवली. नळ्या फुटत, भट्ट्या मोडत. ५०० हून अधिक प्रयोग झाले. १८०५ मध्ये त्याने निष्कर्ष वाचले: काही नळ्यांतून संगमरवरासारखा कठीण, स्फटिकमय दगड निघाला होता.

हटनचे सगळेच काही खरे ठरले नाही. वालुकाश्मही उष्णतेनेच घट्ट होतो, असे तो मानी. प्रत्यक्षात वाळूचे कण बहुधा पाण्यातून उतरलेल्या सिलिकाने किंवा कॅल्साइटने सांधले जातात. त्याला भट्टी लागत नाही.