नान्नज माळरान : काळवीट आणि मेंढ्या
सोलापूरजवळच्या नान्नज परिसरातील गवताळ माळ. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले. मात्र आज या माळावर नजरेला पडतात ते काळविटांचे कळप. काळवीट येथील मूळचा रानटी चरणारा प्राणी, तर दख्खनी मेंढी धनगरांबरोबर आलेली. दोघांनाही आखूड, कोवळे गवत हवे असते. पावसाळ्यात चारा मुबलक असतो, तेव्हा फारसा संघर्ष होत नाही. पावसाळा सरता कुसळी गवत पिकते. त्याची अणकुचीदार कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत अडकून कातडीत रुततात, म्हणून मेंढपाळ कळप घेऊन दुसरीकडे वळतात. खरी ओढाताण उन्हाळ्यात, चारा-पाणी आटल्यावर. कळपाबरोबरच्या कुत्र्यांमुळे काळविटे लांब सरकतात आणि ज्वारी-हरभऱ्याच्या दिवसांत शेतात शिरतात. शेतकऱ्याचा रोष त्यांच्यावर, पण अपुऱ्या माळाचा दोष बाजूला राहतो. लांडगा दोन्हींची शिकार करतो. चराई पूर्ण बंद केल्यास गवत उंच व दाट होते, जे काळविटाला फारसे मानवत नाही. त्यामुळे सरसकट बंदीपेक्षा हंगामी, मर्यादित चराई अधिक शहाणपणाची ठरते. माळावर लावलेल्या परदेशी गिरिपुष्पाच्या झाडांनी मात्र दोघांचीही चराईची जागा व्यापली आहे.