डिमेन्शिया झालेल्या बुजुर्गांसाठी घर सुरक्षित कसं करावं

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वयाप्रमाणे कुणाचंही होतं. डिमेन्शियात मात्र हळूहळू अंदाज चुकायला लागतो: पायरी किती खाली आहे, पाणी किती गरम आहे, गॅस आपण बंद केला की नाही. अल्झायमर हा यातला सर्वात जास्त आढळणारा प्रकार. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. आपल्याकडे बऱ्याच घरांत याला "म्हातारपण" म्हणतात, नाहीतर "कुणीतरी काही केलंय" म्हणून ताविज शोधत फिरतात, आणि त्यात एकदोन वर्षं निघून जातात. दुआ जरूर करा, पण आधी डॉक्टरांना दाखवा. बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉइडमुळेही विसरणं वाढतं आणि ते औषधाने सुधारू शकतं.

आजार पक्का झाला की मग घराकडे बघावं लागतं. अब्बांना किंवा दादींना बदलणं आपल्या हातात नसतं. घर बदलता येतं, तेही फार खर्च न करता.

पडणं

सर्वात जास्त धोका पडण्याचा. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतो आणि डिमेन्शियाही झपाट्याने वाढतो. म्हणून वाटेतल्या सैल चटया, पायपुसणी, लोंबणाऱ्या वायरी आधी काढा. काळं पायपुसणं त्यांना खड्ड्यासारखं दिसू शकतं, चकचकीत फरशी ओली वाटू शकते. मग ते थबकतात किंवा उडी मारायला जातात. ओट्याच्या आणि जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला पिवळ्या रंगाची पट्टी मारा. लुंगी, सलवार घोट्याच्या वर राहील इतकी आखूड करून घ्या.

पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा हवा. संडासाचं दार पलंगावरून दिसलं तर उत्तम. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड नीट दिसत नाही, रंगीत सीट बसवली की फरक पडतो. शेजारी भिंतीत पक्का दांडा ठोकून घ्या, टॉवेलचा रॉड माणसाचं वजन पेलत नाही. आतली कडी काढून टाका, कारण आत अडकले तर त्यांना ती उघडायची कशी हे आठवेलच असं नाही.

वुजू आणि नमाज

माझ्या मते आपल्या घरांत सर्वात जास्त लक्ष इथे द्यायला हवं, आणि डॉक्टरांच्या पत्रकांत नेमकं हेच नसतं. आयुष्यभर पाच वेळा केलेली गोष्ट शेवटपर्यंत टिकते. नातवाचं नाव आठवत नाही, पण अजान ऐकली की हात बाह्या वर करायला लागतात. ही सवय मोडू नका, दिवसाला आकार तिच्यामुळेच राहतो. फक्त जागा सुरक्षित करा.

वुजूसाठी हलकं प्लास्टिकचं स्टूल नको. पाठ असलेली, पायांना रबर असलेली खुर्ची नळाजवळ ठेवा. खाली न घसरणारी मॅट हवी आणि तिथून निघण्याआधी पाय पुसलेच पाहिजेत. गिझर कमी तापमानावर ठेवा आणि बादलीत पाणी घरच्याच माणसाने काढून द्यावं. काही बुजुर्ग झालेला वुजू विसरून पुन्हा पुन्हा करतात. "आत्ताच तर केला" म्हणून वाद घातला तर चिडतात. त्यापेक्षा हातात टॉवेल द्या आणि "चला अब्बा, जानमाज अंथरलीय" म्हणा.

गुळगुळीत फरशीवर जानमाज सरकते. खाली रबराची जाळी घाला, नमाज झाली की लगेच उचला. सजद्यातून उठताना चक्कर येत असेल तर खुर्चीवर बसून पढू द्या. रकाती चुकल्या तर टोकू नका. अक्ल शाबूत नसेल तर नमाज-रोज्याची जबाबदारी राहत नाही. रोजे, फिदया यांबद्दल आपल्या आलिमांना विचारा. कोकणात शाफई, इतरत्र बहुतेक हनफी, तेव्हा तपशील आपल्या मस्लकप्रमाणे घ्या. शुगरची गोळी चालू असताना डॉक्टरांना न विचारता रोजा ठेवू देऊ नका.

घराबाहेर जाणं

फजरच्या अंधारात अब्बा मशिदीला निघतात आणि जुन्या मोहल्ल्याच्या रस्त्याला लागतात, असं घडू शकतं. दाराला घंटी लावा. कडी नेहमीच्या जागेऐवजी खूप वर किंवा खूप खाली बसवा. दारावर भिंतीच्याच रंगाचा पडदा टाकला तर कधीकधी दार लक्षातच येत नाही. मात्र त्यांना एकटं आत कोंडून बाहेरून कुलूप लावू नका; आग लागली तर काय? शक्य असेल तर अडवण्यापेक्षा कुणीतरी सोबत जावं.

इमामसाहेब, मुअज्जिन, नाक्यावरचा दुकानदार, रिक्षास्टँड यांना आजाराबद्दल सांगून ठेवा. लाज वाटते म्हणून लपवलं तर शोधायला कुणी उरत नाही. खिशात नाव आणि दोन फोन नंबर असलेलं कार्ड हवं. अम्मी, दादींच्या बाबतीत हे कापडावर लिहून बुरख्याच्या आत शिवून टाका. काळ्या बुरख्यातली बाई गर्दीत ओळखणं कठीण, म्हणून आज कोणता बुरखा, कोणती चप्पल हे ध्यानात ठेवा. चेहऱ्याचा ताजा फोटोही मोबाइलमध्ये असू द्या. हरवल्यावर आधी जुनं घर, जुनी कामाची जागा, मशीद बघा, मशिदीतून ऐलान करा आणि लगेच ११२ वर फोन लावा. २४ तास थांबायचा कुठलाही नियम नाही.

स्वयंपाकघर आणि कपाटं

वापर झाला की गॅस रेग्युलेटरवरच बंद करा. अल्झायमरमध्ये वासाची जाणीवही कमी होते, त्यामुळे गळती त्यांना कळेलच असं नाही. ओढणी लोंबत असताना शेगडीजवळ जाऊ देऊ नका. अम्मींना स्वयंपाकाची ओढ असेल तर मटार सोलायला, तांदूळ निवडायला द्या.

फिनेल, ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवायची सवय सोडा. डांबराच्या गोळ्या मिठाईसारख्या दिसतात. लोबानचे निखारे लक्ष ठेवूनच. औषधं कुलपात, आणि गोळी हातात देऊन गिळेपर्यंत समोर थांबा. स्कूटरची चावी, एटीएम कार्ड नजरेआड.

मगरिबनंतर

संध्याकाळी अनेकांची बेचैनी वाढते, "घरी जायचंय" सुरू होतं. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा, पडदे ओढा. आरशात परका माणूस दिसत असेल तर आरसा झाका.

हे सगळं बहुतेक घरांत एकट्या सुनेवर किंवा मुलीवर पडतं. सौदी-कुवेतमधून फोनवर सूचना देणाऱ्या भावांनी निदान रात्रीच्या एका मदतनीस बाईचा पगार तरी उचलावा.

एकदोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, बडबड सुरू झाली किंवा सारखी झोप येऊ लागली तर तो आजाराचा पुढचा टप्पा समजून बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, अंगातलं पाणी कमी होणं किंवा नवीन औषधानेही असं होतं, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ज्येष्ठांसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. सांभाळणाऱ्याचंच मन थकलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं.